प्रोग्रॅम वाचला की कळतो, स्वतः लिहायला बसलं की पहिली ओळच सुचत नाही. पहिल्या वर्षाला काय करावं?

सह्यरेषा

नमस्कार. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर सायन्स. गणित आवडतं म्हणून हा कोर्स घेतला. पहिल्या सेमिस्टरला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे.

सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहून समजावतात तेव्हा ओळ न् ओळ कळते. फॅक्टोरियल, फिबोनाची, आकडा उलटा करणे, मूळ संख्या ओळखणे, सगळं वहीत आहे आणि डोक्यातही आहे. पण प्रश्न जरा बदलला की हात थांबतो. 'ही संख्या मूळ आहे का' हा प्रोग्रॅम मला येतो. 'दिलेल्या दोन संख्यांच्या दरम्यानच्या सगळ्या मूळ संख्यांची बेरीज करा' म्हटलं की सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. वर्गातल्या ज्यांनी अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं ते पटापट लिहितात.

सीनियर म्हणतात, प्रॅक्टिकलच्या स्लिपा ठरलेल्या असतात, पाठ कर आणि पास हो. मला तसं पास व्हायचं नाहीये. पुढची पाच-सहा सेमिस्टर याच पायावर उभी राहणार आहेत. घरी लॅपटॉप नाही, मोबाइल आहे. लॅब आठवड्यातून ठरलेल्या वेळीच मिळते. सराव कसा करू?

सुरवंट

सी सोड, पायथनपासून सुरुवात कर. निम्म्या अडचणी तिथेच संपतात.

पाटी_पेन्सिल

सह्यरेषा, प्रश्न नेमका मांडलास. मी पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते आणि तुझ्यासारखी मुलं दरवर्षी भेटतात, हुशार असूनही. तेव्हा 'मला हे जमणारच नाही' असा निष्कर्ष इतक्यात काढू नकोस.

ही अडचण जगभर मोजली गेली आहे. २००१ मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांतल्या, पहिला प्रोग्रॅमिंगचा कोर्स संपवलेल्या विद्यार्थ्यांना काही प्रोग्रॅम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण आले २३ च्या आतच. तेव्हा अनेकांना वाटलं, मुलांना प्रश्नाची फोड करता येत नाही. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या गटाने सात देशांत वेगळी चाचणी घेतली. मुलांना काही लिहायचंच नव्हतं. छोटा कोड वाचून शेवटी कुठल्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या डब्यात) काय उरेल ते सांगायचं, किंवा अपुऱ्या कोडचा गाळलेला भाग दिलेल्या पर्यायांतून निवडायचा, एवढंच होतं. बऱ्याच मुलांना तेही नीट जमलं नाही. म्हणजे अडचण लिहिण्याच्याही आधी, वाचण्यातच सुरू होते.

तू म्हणतेस वाचला की कळतो. तुझ्यावर अविश्वास नाही, पण सर बोलत असताना कळणं आणि कागदावर एकटीने चालवून बघणं यात फार अंतर आहे. आपल्याकडे याला ड्राय रन म्हणतात आणि जर्नलच्या घाईत तो पहिला वगळला जातो. माझ्या मते पहिल्या सेमिस्टरची खरी परीक्षा त्याचीच घ्यायला हवी.

आकडा उलटा करण्याचा तुझ्या वहीतला प्रोग्रॅम घे. संख्या ४७२. लूपमध्ये, म्हणजे संख्या ० होईपर्यंत पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागात, तीन ओळी असतात: १० ने भागून बाकी काढा, उलट संख्येला १० ने गुणून त्यात ती बाकी मिळवा, संख्येला १० ने भागा (अपूर्णांक सोडून). कागदावर तीन रकाने आख: संख्या, बाकी, उलट. सुरुवातीला संख्या ४७२, उलट ०. पहिल्या फेरीत बाकी २, उलट २, संख्या ४७. दुसऱ्या फेरीत बाकी ७, उलट २७, संख्या ४. तिसऱ्या फेरीत बाकी ४, उलट २७४, संख्या ०. लूप थांबला.

आता प्रोग्रॅम न चालवता सांग: 'संख्येला १० ने भागा' ही शेवटची ओळ उचलून लूपमध्ये सगळ्यात वर नेली, तर उत्तर काय येईल? आणि न बदललेल्या प्रोग्रॅमला १२० दिले तर? कागदावर सोडव आणि इथे टाक. मूळ संख्यांच्या बेरजेकडे त्यानंतर येऊ.

जुना_कंपायलर

वर सुरवंट म्हणतात तो वाद दर दोन वर्षांनी निघतो. पुणे विद्यापीठाने इंजिनिअरिंगच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाला पायथन आणलं, त्याआधी तिथे सी होतं. मुंबई विद्यापीठात त्या सुमारासही पहिल्या वर्षाला सीच होतं. मी दोन्हीकडच्या मुलांच्या मुलाखती घेतो. लूप हाताने चालवून दाखव म्हटलं की अडणारी मुलं दोन्हीकडे तितकीच भेटतात. तेव्हा अभ्यासक्रमात जे आहे तेच नीट शिक.

माझी कळकळ दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. अजून कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चालतो. निळी स्क्रीन, प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर कोनिओ डॉट एच, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटसीएच. बोरलँडचं टर्बो सी १९८७ चं आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० चं. डॉसच्या काळातली ही १६ बिटांची साधनं आहेत, आजच्या विंडोजवर ती चालवायला डॉसबॉक्ससारखा आधार लागतो. त्यात इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. सात फॅक्टोरियल (१ ते ७ चा गुणाकार) ५०४०, ठीक येतं. आठ फॅक्टोरियल यायला हवं ४०३२० आणि पडद्यावर येतं उणे २५२१६. मुलगी घाबरते, वाटतं आपलं लॉजिक चुकलं. लॉजिक बरोबर असतं, डबा लहान पडलेला असतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा करून पाहा, नेमका तोच आकडा येतो.

आजच्या जीसीसी या मोफत कंपायलरवर इंट चार बाइटचा असतो, बारा फॅक्टोरियलपर्यंत निभावतं आणि तेरावर हीच गत होते. शिक्षकांनी हे मुद्दाम करून दाखवावं, त्यातून डेटा टाइप कशासाठी असतात ते कायमचं कळतं.

सह्यरेषा, लॅबमध्ये टर्बो असेल तर परीक्षेपुरतं ते वापर, पण सवय जीसीसीची लाव. मेन इंट परत करतो असं लिही, व्हॉइड मेन नको. कंपाइल करताना वॉल (-Wall) हा पर्याय दे. इफच्या कंसात दोन बरोबरऐवजी एकच लिहिलं, किंवा व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्यायची राहिली, तर तो बहुतेक वेळा आधीच इशारा देतो.

कोकणकडा

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स हे अ‍ॅप टाक. त्यात क्लँग हा सीचा कंपायलर घेता येतो आणि एकदा बसवला की नेटशिवायही चालतो. पायथनसाठी पायड्रॉइड आहे. मोबाइलवर कंस आणि सेमीकोलन टंकणं त्रासाचं आहे, म्हणून ओटीजी केबलने साधा यूएसबी कीबोर्ड जोड. बहुतेक फोनना चालतो.

आणखी एक सांगतो, कारण हे कोणी शिकवत नाही. एरर आली की ती वाच. सगळ्यात वरची आधी वाच, खालच्या पंधरा बहुतेक वेळा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. सेमीकोलन राहिला तर कंपायलर पुष्कळदा पुढच्या ओळीचा नंबर दाखवतो, म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघ. 'अनडिफाइंड रेफरन्स' आलं तर व्याकरण ठीक असतं, पण वापरलेलं फंक्शन जोडणीच्या वेळी सापडलेलं नसतं, बहुधा नावाचं स्पेलिंग. आणि प्रोग्रॅम काहीच न बोलता लटकला तर व्हाइलच्या कंसापुढे चुकून सेमीकोलन पडलाय का ते पाहा.

स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनमध्ये अँडचं चिन्ह विसरणं, आणि आकड्यानंतर अक्षर वाचताना एंटरच अक्षर म्हणून वाचलं जाणं, या दोन गोष्टी पहिल्या सेमिस्टरला प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्या तुझ्या बुद्धीबद्दल काही सांगत नाहीत.

इझारकाठ

मी म्युनिकला इन्फॉर्मेटिक (म्हणजे कॉम्प्युटर सायन्स) शिकते, मूळची सांगलीची. इथे पहिल्या सेमिस्टरला जावा होतं. लेक्चर आपल्यासारखंच, मोठ्या हॉलमध्ये, प्राध्यापक पुढे जात राहतात. फरक सरावाच्या कागदात आहे. दर आठवड्याला नवा कागद, त्यात आधी न पाहिलेले प्रश्न. इथल्या तांत्रिक विद्यापीठात आर्टेमिस नावाची प्रणाली तयार झाली आहे. कोड पाठवला की ती चाचण्या चालवून लगेच सांगते की कुठली पास झाली आणि कुठली नापास. चुकलं तर सुधारून पुन्हा पाठवायचं.

भारतात माझ्या आधीच्या कॉलेजात जर्नलमध्ये प्रोग्रॅम आणि त्याखाली आउटपुट सुवाच्य अक्षरात उतरवून सही घ्यायची असायची. उतरवण्यात जेवढे तास गेले तेवढ्यात प्रत्येक प्रोग्रॅमचे तीन प्रकार करून झाले असते. व्यवस्था बदलणं तुझ्या हातात नाही, पण हे तू स्वतःपुरतं करू शकतेस: वहीतला प्रत्येक प्रोग्रॅम झाला की त्यात एक बदल करायचा. आकडा उलटा करता आला? आता अंकांची बेरीज कर. मग फक्त सम अंकांची. मग सगळ्यात मोठा अंक शोध. सांगाडा तोच, आतली एकच ओळ बदलते.

अक्षरगणित

मराठी माध्यमाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसची मालिका मराठीतही आहे, फुकट. छोटे व्हिडिओ आहेत, बघता बघता सोबत करायचे. वर्गाआधी एकदा मराठीतून ऐकलं की वर्गातलं इंग्रजी जड जात नाही.

दुसरं, व्हेरिएबलना स्वतःच्या भाषेत नावं द्यायला बिचकू नकोस. सीमध्ये रोमन लिपीत बेरीज, बाकी, उलट असं लिहिलं तरी कंपायलरला फरक पडत नाही आणि तुझ्या डोक्याला फार पडतो. ए, बी, सी, टेम्प अशा नावांनी लिहिलेला कोड आठवड्याने स्वतःलाच वाचता येत नाही. पायथन तीनमध्ये तर नाव थेट देवनागरीत लिहिता येतं. बेरीज, संख्या, उत्तर, सगळं चालतं. कोडमधले आकडे मात्र नेहमीचे इंग्रजीच लागतात. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने कीबोर्डवरून १२३ असं देवनागरीत टंकलं आणि ते इंट फंक्शनला दिलं, तर पायथन ते एकशे तेवीस म्हणूनच घेतं. मी शाळेतल्या मुलांना हे दाखवतो तेव्हा त्यांचे चेहरे खुलतात.

ओरलला मात्र इंग्रजी संज्ञाच विचारतात, त्यांची वेगळी यादी करून ठेव.

सुरवंट

माझं उत्तर फार त्रोटक होतं. पायथन म्हटलं ते एवढ्यासाठी की पहिल्या दिवशी हेडर फाइल, मेन, फॉरमॅटची चिन्हं यातलं काहीच समजावावं लागत नाही. पण जुना_कंपायलर यांचं पटतं, अभ्यासक्रमात सी असेल तर दोन्हीकडे पाय ठेवू नये. मॅडमनी दिलेलाच प्रोग्रॅम पायथनमध्ये नेताना भागाकाराची एकच तिरकी रेघ लिहिली तर ४७२ चे ४७.२ होतात आणि सगळं गणित बिघडतं. तिथे दोन रेघा लागतात. सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार आपोआप पूर्णांकच येतो. एक भाषा अंगवळणी पडण्याआधी अशा फरकांत अडकू नये.

रानमेवा

कोणी बोललं नाही म्हणून विचारते. आता चॅटजीपीटीला विचारलं की यातला कुठलाही प्रोग्रॅम क्षणात मिळतो. मग पहिल्या वर्षाला हा सगळा खटाटोप कशासाठी? माझा भाऊ तसंच करतो आणि असाइनमेंटला पूर्ण मार्क मिळवतो.

पाटी_पेन्सिल

रानमेवा, भावाला त्याच असाइनमेंटमधली एक ओळ पुसून द्या आणि काय बिघडेल विचारा. सांगता आलं तर मार्क त्याचे.

मी माझ्या वर्गात पहिल्या सेमिस्टरला तयार कोड मागू नका असं स्पष्ट सांगते. हा विरोध तंत्रज्ञानाला नाही. यंत्राने दिलेला कोड बरोबर आहे की नाही हे ठरवायला तो वाचता यावा लागतो आणि ते वाचन नेमकं याच सहा महिन्यांत कमवायचं असतं. अशा मदतनीसाने दिलेला कोड दिसायला नीटनेटका असतो, शून्य किंवा एक दिल्यावर चुकू शकतो, आणि ज्याने कधी तक्ता आखला नाही त्याला ते दिसत नाही.

कोकणकडा

मॅडम, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. ज्या मुलीला विचारायला घरात, गल्लीत कोणी नाही, तिने एरर टाकून 'याचा अर्थ मराठीत सांग, कोड देऊ नको' असं विचारलं तर मला ते चांगलंच वाटतं. शहरातल्या मुलाला क्लासचे सर असतात, तिला कोण आहे?

पाटी_पेन्सिल

हे मान्य. अर्थ विचारावा, उत्तर मागू नये. या फरकावर मी अडून बसेन.

सह्यरेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. टर्मक्स टाकलं, दादांनी सांगितल्याप्रमाणे कीबोर्डही चालला.

मॅडम, कागदावर केलं. भागाकाराची ओळ वर नेली तर: पहिल्या फेरीत संख्या ४७, बाकी ७, उलट ७. मग संख्या ४, बाकी ४, उलट ७४. मग संख्या ०, बाकी ०, उलट ७४०. म्हणजे उत्तर ७४०, २ हरवला आणि शेवटी शून्य चिकटला. नंतर चालवून पाहिलं, तेच आलं. १२० दिले तर ०२१ येईल असं आधी वाटलं होतं, पण तक्त्यात पहिल्या फेरीनंतर उलट ० च राहतो, म्हणून २१.

पाटी_पेन्सिल

अगदी बरोबर. आणि तू आधी कागदावर करून मग चालवलंस याचा मला फार आनंद झाला.

आता तुझी मूळ संख्यांची बेरीज. पहिली ओळ सुचत नाही, कारण तू सगळा प्रोग्रॅम एकदम डोळ्यापुढे आणतेस. आधी उत्तर हाताने काढ. १० ते २० घे. ११, १३, १७, १९. बेरीज ६०. हे उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव, शेवटी याच्याशीच ताडून बघायचं आहे.

मग पहिला टप्पा: १० ते २० फक्त छापणारा लूप. एवढाच लिही आणि चालव. दुसरा टप्पा: तुझा 'मूळ आहे का' हा प्रोग्रॅम जसाच्या तसा त्या लूपच्या पोटात ठेव, म्हणजे फक्त मूळ संख्या छापल्या जातील. तिसरा टप्पा: छापण्याच्या जागी बेरजेत मिळव, आणि बेरीज लूप संपल्यावर एकदाच छाप. प्रत्येक टप्प्याला प्रोग्रॅम चालला पाहिजे. न चालणाऱ्या प्रोग्रॅमवर पुढचा मजला चढवायचा नाही.

सह्यरेषा

पहिला टप्पा झाला. दुसऱ्या टप्प्यात काहीच छापलं जात नाहीये! तिसरा करून पाहिला तर बेरीज ०. पण ११ ते २० दिलं तर ११ येतं. मूळ संख्येचा प्रोग्रॅम एकटा चालवला तर १३, १७ सगळ्यांना बरोबर 'हो' म्हणतो.

जुना_कंपायलर

११ बरोबर आलं आणि १२ नंतर सगळं बंद पडलं, हा फार मोलाचा पुरावा आहे. मूळ नाही हे लक्षात ठेवायला तू जो फ्लॅग वापरतेस, त्याला सुरुवातीची किंमत कुठे देतेस? बाहेरच्या लूपच्या आधी की आत?

सह्यरेषा

आधी. वहीतल्या प्रोग्रॅममध्ये मेनच्या सुरुवातीलाच होती, मी तिथेच ठेवली. म्हणजे १२ ने फ्लॅग एकदा बदलला की तो १३ साठी पुन्हा पूर्ववत होतच नाही. १० पासून सुरुवात केली की पहिल्याच संख्येला बदलतो, म्हणून ०. ती ओळ बाहेरच्या लूपच्या आत, पहिली घेतली. ६० आलं!

आता १ ते १० दिलं तर १८ येतंय. हाताने २, ३, ५, ७ म्हणजे १७.

पाटी_पेन्सिल

१ साठी आतला लूप किती वेळा फिरतो? तक्ता आख. कोणीही उत्तर देऊ नका.

सह्यरेषा

एकदाही नाही. आतला लूप २ पासून सुरू होतो आणि संख्येच्या आधी थांबतो. १ ला भागून बघायची वेळच येत नाही, फ्लॅग तसाच राहतो आणि १ मूळ म्हणून मोजला जातो. बेरजेत मिळवण्याआधी 'संख्या १ पेक्षा मोठी असेल तर' ही अट जोडली. १७ आलं. ० ते १० लाही १७. आणि वहीतल्या मूळ संख्येच्या प्रोग्रॅमला एकटा १ देऊन पाहिला, तोही 'मूळ आहे' म्हणतो. उद्या लॅबमध्ये सरांना दाखवते.

पाटी_पेन्सिल

जरूर दाखव, तुझा तक्ताही सोबत ने. अ‍ॅरे सुरू झाले की नवा धागा काढ. तोवर इझारकाठ यांनी सांगितलेले अंकांचे तिन्ही प्रकार सोडव.